मामांचा चकवा

माझे आजोळ सिद्धगडाच्या पायथ्याचे. कल्याणहून मुरबाड, मुरबाडहून नारिवलीची एस.टी. आणि पुढे डोंगराकडे तोंड करून चालत सुटायचे. आता वाडीपर्यंत डांबरी सडक झाली आहे, जीपही मिळते; पण आमच्या लहानपणी पावसाळ्यात ओढा भरला की वाडीचा चार-चार दिवस जगाशी संबंध तुटत असे. अशा मुलखात माझ्या थोरल्या मामांनी तीस वर्षे टपाल वाटले. नोकरी अर्धवेळची, पगार बेताचा, उरलेल्या वेळात भातशेती. पण मान असा, की तो मामलेदारालाही मिळत नसेल. कोणाच्या घरी मुंबईहून मनीऑर्डर येते, कोणाची थांबली, कोणत्या वाडीवर कोणत्या ऋतूत कोणत्या वाटेने जायचे, ओढा कुठे उतरता येतो, हे सगळे मामांच्या डोक्यात. तिकडच्या घरांना नंबर नव्हते. मामा म्हणायचे, "पाकिटावर नुसतं नाव असलं तरी पुरे. पत्ता माझ्याकडं आहे."

वय विचारले की ते सांगत, "सिद्धगडावर गोळीबार झाला, त्या सालातला मी." म्हणजे १९४३. त्या वर्षी २ जानेवारीला याच जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. तिथे हुतात्मा स्मारक आहे आणि दरवर्षी २ जानेवारीला पहाटे माणसे जमतात. मामा घरून काळोखात निघत. बॅटरी दिली तर ती माझ्याच हातात परत ठेवत आणि म्हणत, "पायाला वाट ठाऊक आहे, बाय."

त्या पायाची वाट २०१६ साली चुकली.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. भात कापणीला आलेले. मामा शेजारच्या वाडीवर माणसे सांगायला म्हणून दुपारी निघाले. वाट पाऊण तासाची, जन्मभर तुडवलेली. रात्र झाली तरी परतले नाहीत. शेजारच्या वाडीवर पोचलेही नव्हते. रात्रभर पेट्रोमॅक्स आणि बॅटऱ्या घेऊन माणसे फिरली. सकाळी खेकडे धरायला गेलेल्या पोरांना ते ओढ्याच्या वरच्या अंगाला, एका उंबराखाली बसलेले सापडले. अंगाला खरचटलेले, बाकी ठीक. फक्त सदरा उलटा घातलेला.

शहरातल्या वाचकांना हे सांगायला हवे. रानात ओळखीच्या वाटेवर माणूस अचानक भलतीकडे भटकू लागतो, फिरून फिरून त्याच जागी येतो, याला चकवा म्हणतात. त्यावर आमच्याकडचा उतारा असा, की जागच्या जागी बसावे, अंगातला कपडा काढून उलटा घालावा आणि उजाडण्याची वाट पाहावी. मामांनी तेच केले होते. वाडीत सगळ्यांनी मान डोलावली. "चकवा लागला" म्हटल्यावर प्रश्न मिटला. त्यात लाज नाही, दोष नाही. चकवा कोणालाही लागतो. मला मात्र तो उलटा सदरा पुढे कितीतरी दिवस डोळ्यांपुढून हलला नाही. आपण हरवलो आहोत हे त्या माणसाला त्या रात्री नीट कळले होते, आणि त्यावर जो इलाज माहीत होता तोही त्याने केला होता.

माझा आग्रह म्हणून मामा-मामी कल्याणला आली. नोटाबंदीचा तो आठवडा. खिशातल्या पाचशेच्या नोटा चालत नव्हत्या आणि फी कशी द्यायची याचीच चिंता अधिक होती. शहरातल्या एका डॉक्टरांनी मामांची तीस गुणांची परीक्षा घेतली. आज तारीख काय, वार कोणता, आपण कोणत्या मजल्यावर आहोत, शंभरातून सात वजा करत जा, हे वाक्य वाचा, एक वाक्य लिहा, ही आकृती काढा. मामा चौथी शिकलेले, पण तीस वर्षे मनीऑर्डरीचा हिशेब पैशापर्यंत चोख ठेवलेला. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. धडाधड सांगत गेले. भिंतीवरचे 'कालनिर्णय' रोज पाहणारा माणूस, तारखेला चुकतो कशाला? सुरुवातीला तीन शब्द सांगितले होते. काही मिनिटांनी ते विचारले, तेव्हा मामा हसले आणि म्हणाले, "कोणते शब्द?" गुण पडले तीसपैकी सत्तावीस. डॉक्टरांनी कागदावर लिहिले की स्मरणशक्ती वयोमानानुसार आहे, काळजीचे कारण नाही. आम्ही पेढे आणले.

घरी आल्यावर गंमत म्हणून मी तेच प्रश्न मामींना विचारले. मामींनी शाळेचे तोंड पाहिलेले नाही. तारीख विचारली तर म्हणाल्या, "परवा एकादस झाली. पुनवेला दोन दिस राहिले." नियमाप्रमाणे शून्य. वजाबाकी नाही, वाचन नाही, लेखन नाही. पेन्सिल हातात धरल्यावर हात थरथरला. सगळे धरून सोळा गुण. कागदावर पाहाल तर मामी रुग्ण आणि मामा ठणठणीत. पण तीन शब्द मामींनी विचारताक्षणी सांगितले. दुसऱ्या दिवशी चहा पिताना, कोणी न विचारता, पुन्हा सांगितले. "काल तू तीन नावं सांगितली होतीस ना गं?"

तेव्हा मला त्यातले काही कळले नाही. आता कळते, की मामांचे गेलेले तीन गुण एकाच जागचे होते. वजाबाकीतला एक, तारखेतला एक, चित्रातला एक असे ते विखुरलेले नव्हते. नवी गोष्ट क्षणभर धरून ठेवण्याच्या कप्प्यातले ते सगळे होते. एकूण बेरीज सत्तावीस आणि त्या कप्प्यात शून्य. शाळामास्तरणीची नोकरी केलेल्या मला तरी हे दिसायला हवे होते. मुलगा सगळ्या विषयांत पहिला आणि एकाच विषयात भोपळा, असे असेल तर आपण सरासरी पाहून घरी पाठवत नाही.

ही तीस गुणांची परीक्षा अमेरिकेत १९७५ साली फोलस्टीन पतिपत्नी आणि मॅक्ह्यू या डॉक्टरांनी तयार केली. रुग्णाच्या खाटेशी बसून दहा मिनिटांत उरकता यावी म्हणून. त्यांचा काही दोष नाही. त्यांच्यापुढचे रुग्ण शिकलेले होते. पण ती जगभर गेली आणि जिथे गेली तिथे माणसाच्या आजाराबरोबर त्याची शाळाही मोजू लागली. आपल्याकडच्या संशोधकांना हे लवकर उमगले. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत १९९० च्या दशकात भारत आणि अमेरिका यांच्या संयुक्त पाहणीत ५५ वर्षांवरच्या पाच हजारांवर माणसांना तपासायचे होते आणि त्यांतली जवळजवळ तीन चतुर्थांश निरक्षर होती. तेव्हा अक्षरांवाचून चालेल अशी हिंदी परीक्षा मुद्दाम बांधली गेली. शिवाय घरच्यांना विचारायची एक वेगळी प्रश्नावली केली. म्हातारा माणूस रोजची कामे पूर्वीसारखी करतो का, हे त्याच्यापेक्षा सुनेला जास्त माहीत असते. साधे शहाणपण, पण ते शास्त्रात यायला इतकी वर्षे लागली.

त्या पाहणीत अल्झायमरचे प्रमाण फार कमी आढळले आणि आपल्यापैकी पुष्कळांनी समजूत करून घेतली की खेड्यात हा आजार नसतोच. साधे अन्न, मोकळी हवा, एकत्र कुटुंब, वगैरे. मीही वर्गात असे बोलले असेन. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने ही समजूत खोडून काढली. मुंबईत देवनारला जी लोकसंख्याशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिने देशातल्या वृद्धांची मोठी पाहणी चालवली आहे. तिच्याच एका भागात दिल्लीच्या 'एम्स'च्या पुढाकाराने चार हजारांवर वृद्धांची स्मरणशक्ती तपासली गेली. निष्कर्ष असा, की साठीपुढच्या दर शंभरांत सातांहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश आहे. देशात सुमारे ८८ लाख. शहरात हे प्रमाण ५.३ टक्के, तर खेड्यात ८.४ टक्के. म्हणजे रोग तिथे होताच. नव्हता तो शब्द. मुरबाडच्या डोंगरात त्याला चकवा म्हणत, घाटावर म्हातारचळ म्हणत आणि सगळीकडे 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हसून सोडून देत.

आता पुन्हा त्या वाटेकडे येते, कारण गोष्टीतली खरी गोम तिथे आहे.

अल्झायमरच्या रोगात मेंदूत दोन प्रकारची खराब प्रथिने साचतात. पेशींच्या बाहेर अमायलॉइडच्या गुठळ्या आणि पेशींच्या आत टाऊ नावाच्या प्रथिनाचा गुंता. हा टाऊचा गुंता मेंदूत कुठून सुरू होतो याचा नकाशा जर्मनीतल्या ब्राक दांपत्याने १९९१ साली मांडला. कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या तळाशी एक लहानसा पट्टा आहे. त्याला एंटोऱ्हायनल कॉर्टेक्स म्हणतात. गुंता त्याच्या कडेला सुरू होतो. आणि हा पट्टा करतो काय? २००५ साली नॉर्वेतल्या माय-ब्रिट आणि एडव्हार्ड मोझर यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले की, तिथे अशा पेशी आहेत ज्या फिरणाऱ्या प्राण्याच्या पायाखालच्या जागेची जणू चौकट आखत असतात. त्याआधी १९७१ मध्ये लंडनच्या जॉन ओकीफ यांना शेजारच्या हिप्पोकॅम्पसमध्ये 'मी या जागी आहे' असे सांगणाऱ्या पेशी सापडल्या होत्या. तिघांना मिळून २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे मेंदूतले जे खाते वाटा सांभाळते, त्याच्याच दारात या रोगाचे पहिले पाऊल पडते. नावे, तारखा, वजाबाकी यांची पाळी नंतर.

हे वाचले तेव्हा मला मामांचा उंबर आठवला. रोगाची पहिली खूण वाडीने अचूक पाहिली होती. तिचा अर्थ तेवढा निराळा लावला होता. दवाखान्यात मात्र त्या खुणेविषयी कोणी प्रश्नच विचारला नाही. कोणत्या मजल्यावर आहोत, हे विचारले. ज्याच्या वाडीत दुमजली घर नाही, त्याला!

आता तसा प्रश्न विचारणारी यंत्रे निघाली आहेत. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या डोळ्यांवर आभासी दृश्य दाखवणारा मोठा चश्मा चढवायचा. त्याला मोकळे मैदान दिसते. एका खुणेपासून दुसऱ्या, दुसऱ्यापासून तिसऱ्या खुणेपर्यंत त्याने प्रत्यक्ष चालत जायचे. मग खुणा नाहीशा होतात आणि म्हणायचे, निघालास त्या जागी परत जा. ज्यांची स्मरणशक्ती थोडी कमी झालेली आहे आणि तपासणीत अल्झायमरची रासायनिक चिन्हेही आहेत, त्यांना परतीची जागा सापडण्यात मोठी चूक होते. नेहमीच्या कागदी परीक्षांपेक्षा या चालण्याने असे रुग्ण अधिक नेमके वेगळे काढता आले. त्याआधी २०१६ साली, म्हणजे मामा हरवले त्याच वर्षी, समुद्रात होडी हाकण्याचा एक मोबाइल खेळ लंडनच्या संशोधकांनी जगापुढे ठेवला होता. चाळीस लाखांवर लोकांनी तो खेळला. खेळणाऱ्याला मौज, शास्त्रज्ञांना माहिती. त्या माहितीतून ३८ देशांतल्या सुमारे चार लाख लोकांचा अभ्यास २०२२ साली आला आणि त्यात दिसले की जे शहराबाहेर वाढले, त्यांना वाट शोधणे एकूणात चांगले जमते. आमच्या वाडीला हे सांगितले असते तर तिने विचारले असते, यासाठी शास्त्रज्ञ कशाला हवेत? पण मुद्दा मोलाचा आहे. मामांसारख्याची वाट चुकणे आणि माझ्यासारखीची वाट चुकणे यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. मी ठाण्याच्या बाजारपेठेत आजही हरवते. तो माझा रोग नव्हे, स्वभाव आहे.

यंत्रे राहू द्या. वर्षभर आधीपासून मामा जवळची ओढ्याची वाट सोडून लांबच्या सडकेने जात होते, हे मामींना ठाऊक होते. विचारले तर "गुडघा दुखतो" म्हणत. पण सडक दुप्पट लांबीची! गुडघा दुखणारा माणूस दुप्पट चालेल का? मामींनी हे मनात ठेवले. डॉक्टरांच्या खोलीत त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर अर्धा तास बसून होत्या. त्यांना कोणी काही विचारले नाही. मीही नाही.

पुढची गोष्ट जमिनीची. मुरबाड तालुक्यात सडकेला लागून तुकडा असला की मुंबईची गाडी दारात येते. फार्महाऊस हवे असते. २०१९ च्या उन्हाळ्यात असाच एक दलाल गिऱ्हाईक घेऊन आला. मामा घरी एकटे होते. त्यांनी वीस गुंठ्यांच्या तुकड्याची विसार पावती लिहून दिली, ५१ हजार रुपये रोख घेतले, नोटा कणगीत भाताखाली ठेवल्या आणि विसरून गेले. श्रावणात मामींनी भात काढायला हात घातला तेव्हा नोटांचे पुडके हाताला लागले. त्याच महिन्यात गिऱ्हाईक साठेखतासाठी आले. मामा म्हणाले, "मी कुठं सही केली?" सही त्यांचीच होती, मनीऑर्डरीच्या फॉर्मवर तीस वर्षे केलेली, वळणदार, शेपटीवाली.

माझा मामेभाऊ संतापला. बाप खोटे बोलतो, पैसे लपवतो, असे त्याच्या मनाने घेतले. दोन महिने एका घरात राहून तो वडिलांशी बोलला नाही. मामा ओटीवर बसून राहत आणि मामींना विचारत, "पोरगं माझ्यावर का रुसलंय?" आज वाटते, सगळ्या प्रकारात वाईट हेच झाले. जमिनीपेक्षाही.

त्यानंतर आम्ही मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मामांना बाहेर बसवले आणि पहिल्यांदा मामींना आत बोलावले. "आजी, दोन-तीन वर्षांत यांच्यात काय काय बदललं ते सांगा." मामी वीस मिनिटे बोलत होत्या. लांबची वाट, उलटा सदरा, एकाच दिवसात दोनदा मागितलेले जेवण, बैलाला मेलेल्या बैलाच्या नावाने मारलेली हाक. मग मामांच्या तपासण्या झाल्या. रक्तातले बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, एमआरआय. हे आधी पाहायचे, कारण बी-१२ ची कमतरता, मंदावलेली थायरॉइड, मनाची उदासी, पडल्यामुळे डोक्यात साचलेले रक्त यांतूनही माणूस विसराळू होतो आणि हे दुरुस्त होण्याजोगे असते. मामांच्या बाबतीत तसे काही निघाले नाही. हिप्पोकॅम्पस आकसलेला दिसला. डॉक्टरीणबाईंनी निदान सांगितले, ते मामांनाही, त्यांच्या समोर बसून सांगितले. मामांनी शांतपणे विचारले, "म्हणजे चकवाच ना?"

"हो," त्या म्हणाल्या, "पण डोक्याच्या आतला."

मुरबाडच्या वकिलांनी आम्हाला विचारले, विसार पावतीच्या आधीचा काही वैद्यकीय कागद आहे का? करार करताना माणूस सुज्ञ अवस्थेत असावा लागतो, असे १८७२ चा करार कायदाच सांगतो. पण तो तसा नव्हता हे दाखवणार कशावरून? कागद होता. २०१६ चा. तीसपैकी सत्तावीस, काळजीचे कारण नाही. वकिलांनी तो वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "हा कोणाला दाखवू नका." शेवटी तडजोड झाली. दहा गुंठे गेले.

'औषध नाही, तर लवकर कळून उपयोग काय?' हा प्रश्न सुशिक्षित माणसेही विचारतात. माझे उत्तर हे दहा गुंठे आहेत आणि ते दोन महिने आहेत. २०१६ मध्ये नाव कळले असते तर मामांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले असते, कोणता तुकडा कोणाला, कोणता कधीच विकायचा नाही. मृत्युपत्र झाले असते. बँकेचे खाते मामींसह संयुक्त झाले असते. इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण पुष्कळांचा तीत गैरसमज असतो. कुळमुखत्यारपत्र केले की भागले, असे आपण धरून चालतो. कायद्याने, मुखत्यार नेमणाऱ्याची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही की मुखत्याराचा अधिकारही संपतो. नेमकी गरज पडते तेव्हाच तो कागद निरुपयोगी होतो. म्हणून जे करायचे ते माणूस शहाणा असताना, त्याच्या मर्जीने.

लवकर कळण्याची साधने मात्र या दहा वर्षांत फार पुढे गेली आहेत. आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली आपल्या रुग्णेच्या मेंदूतल्या गुठळ्या पाहिल्या त्या तिच्या मृत्यूनंतर, सूक्ष्मदर्शकाखाली. आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे निदानाची खात्री करायची तर मृत्यूचीच वाट पाहावी लागे. २००४ साली पिट्सबर्गच्या संशोधकांनी तयार केलेल्या द्रव्यामुळे जिवंत माणसाच्या मेंदूतले अमायलॉइड पेट स्कॅनवर दिसू लागले. दुसरी तपासणी पाठीच्या कण्यातले पाणी काढून करायची. पहिली महागडी आणि मोठ्या शहरातली. दुसरीचे नाव काढले तरी माणूस खाटेवरून उठून जातो. या दोन्हींना पर्याय म्हणून आता साधी रक्ततपासणी आली आहे. मेंदूतून रक्तात उतरणारे पी-टाऊ २१७ नावाचे प्रथिन तीत मोजतात. त्याचे प्रमाण इतके सूक्ष्म की पूर्वीच्या यंत्रांना ते दिसतही नसे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पहिल्या तपासणीला मान्यता दिली. तीत या प्रथिनाचे अमायलॉइडशी गुणोत्तर काढतात. ४९९ जणांच्या नमुन्यांवर ती पारखली होती. ज्यांचा निकाल होकारार्थी आला, त्यांतल्या शंभरी ९१.७ जणांच्या मेंदूत खरोखरच अमायलॉइड होते. नकारार्थी आलेल्यांत शंभरी ९७.३ जणांत नव्हते. वीस टक्क्यांहून थोड्या कमी लोकांचा निकाल मात्र अधांतरी राहिला.

ही मान्यता पंचावन्न वर्षांवरच्या आणि लक्षणे दिसू लागलेल्या माणसांसाठीच आहे, हे नीट लक्षात घ्यावे. धडधाकट माणसाने केवळ कुतूहल म्हणून ती करून घेऊ नये. मूत्रपिंडाचा विकार असला तरी हे प्रथिन वाढलेले दिसते, आणि अमायलॉइड असूनही कित्येकांना आयुष्यभर स्मृतिभ्रंश होत नाही. जाहिरातींच्या आजच्या जमान्यात 'पूर्ण शरीर तपासणी'च्या यादीत उद्या हेही घालतील आणि भलभलत्या घरांत रडारड होईल, ही भीती मला वाटते. औषधांचेही तसेच. लेकानेमॅब नावाच्या औषधाला अमेरिकेत २०२३ साली पूर्ण मान्यता मिळाली. अठरा महिन्यांत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, असे चाचणीत दिसले. गेलेली स्मृती परत येत नाही. दर पंधरवड्याला शिरेतून औषध घ्यायचे आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना, हे पाहायला पुन्हा पुन्हा एमआरआय काढायचा. नारिवलीच्या पुढच्या माणसाला हे झेपणारे नाही. त्यापेक्षा मोतीबिंदू वेळेवर काढणे, ऐकू येत नसेल तर यंत्र लावणे, रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणे हे झेपणारे आहे. 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञगटाने २०२४ साली अशी चौदा कारणे मांडली; ती सगळी टाळता आली तर ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबणीवर पडेल, असा त्यांचा हिशेब आहे. बालपणीचे शिक्षणही त्यात आहे.

एका संशोधनाविषयी वाचले तेव्हा मात्र मला मामांची फार आठवण झाली. बोटाच्या टोकातून रक्ताचे थेंब घ्यायचे, कागदावर टिपायचे, वाळवायचे आणि तो कागद प्रयोगशाळेला धाडायचा. बर्फ नको, यंत्र नको, मुंबईची खेप नको. युरोपात त्यावर काम चालू आहे. वाळलेला कागद टपालानेही जाऊ शकतो. तो इथून पोचवायला डोंगरातल्या सगळ्या वाटा ठाऊक असलेला टपालवाला लागेल, एवढेच.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' आम्ही मामांच्या निदानानंतर पाहिला. त्यातले शास्त्रीबुवा रस्त्यावरच्या हत्तीमागे चालत जातात आणि हरवतात. माहुताची बायको, अमृता सुभाष यांनी केलेली, त्या अनोळखी म्हाताऱ्याला लेकरासारखे सांभाळते. तिला रोगाचे नाव माहीत नाही. मामेभाऊ पडद्याकडे बघत होता आणि मध्येच उठून बाहेर गेला. त्या दिवसानंतर मामांना आंघोळ तोच घालू लागला.

मामा २०२२ च्या पावसाळ्यात गेले. २०२० च्या २ जानेवारीला पहाटे ते शेवटचे स्मारकापर्यंत चालले होते. पुढे मामी, मागे मामा, मामींच्या पदराचे टोक त्यांच्या हातात. वाटेत दोनदा त्यांनी विचारले, "आपण टपाल द्यायला चाललोय का?" मामी दोन्ही वेळा "हो" म्हणाल्या.

२०२५ च्या दिवाळीत मी वाडीवर होते. दुपारी आशाताई आल्या. सरकारी फॉर्ममध्ये साठीपुढच्या माणसांसाठी चार प्रश्न असतात. उभे राहताना तोल जातो का, रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का, असे. त्यात एक प्रश्न, जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? प्रश्न आहे याचाच मला आनंद झाला. मी म्हटले, ताई, 'नेहमीची वाट चुकता का' हेही विचारत जा. त्या म्हणाल्या, "विचारीन मॅडम, पण त्याला रकाना नाही." मग त्या मामींकडे वळल्या.

"आजी, घरचा पत्ता आठवतो का?"

मामी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पत्ता कसला गं? लिही, टपालवाल्याचं घर."